वाढपीबाईचं जंगल

वाढपीबाई लहान होती तेव्हा तिनं दाराआडून एक भांडण ऐकलं. भांडण तिच्या आईचं आणि मावशीचं होतं, आणि भांडणाचं कारण स्वतःच दाराआड उभं होतं.

"थोडे दिवस ठेव, मग नेते," आई म्हणत होती.

"मागच्या वेळी पण थोडेच दिवस म्हणाली होतीस. माझ्या घरात ताटं मोजून मांडतात, अक्का."

मग बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज आला. दोघी बहिणींना राग आला की त्या भांडी घासायला घ्यायच्या.

"ती फारसं खात नाही गं," आई म्हणाली.

"खात नाही असं पोर जगात असतं होय? वाढायला तरी येतं का तिला?"

"येतं," आई खोटं बोलली.

येत नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत आलं. जेवायच्या वेळी पोरीनं मावशीच्या हातातून पळी घेतली आणि सगळ्यांना वाढलं. एक गोष्ट तिला तेव्हाच उमगली. हातात पळी असली की माणूस मोजणीत येत नाही. त्याला ताट मागावं लागत नाही, आणि त्याला ऊठ असंही कुणी म्हणत नाही, कारण तो बसलेलाच नसतो.

पुढे जन्मभर तिनं तेच काम केलं. पंपांच्या कारखान्याचं एक लांबलचक कँटीन होतं, तिथं काचेच्या पलीकडे ती उभी राहायची आणि अलीकडून माणसं ताट पुढं करत सरकायची. भात, भाजी, पाव, पुढचा. भात, भाजी, पाव, पुढचा. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. फोरमन आला तरी तेवढंच. तिचं खरं नाव पगाराच्या खिडकीतल्या माणसाला माहीत होतं, बाकी सगळ्यांची ती वाढपीबाई.

नवरा एका दवाखान्यात लिफ्टमन होता. तो दिवसभर माणसांना वर न्यायचा आणि खाली आणायचा, ही दिवसभर माणसांना वाढायची. दोघंही दिवसभर माणसांत, त्यामुळे घरी आल्यावर दोघांनाही बोलायचा कंटाळा. भांडण असं कधी झालं नाही. म्हणजे होण्यासारखी एक गोष्ट होती, पण ती वाढपीबाईनं पोटात ठेवली. दर रविवारी दुपारी जेवण झालं की तो चप्पल घालायचा, "जरा घड्याळजीकडे बसून येतो" म्हणायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. आणि सोमवारी त्याची पँट धुवायला घेतली की कधीमधी खिशातून एखादा निळा काचेचा मणी निघायचा. बायकांच्या माळेत असतो तसा. घड्याळात मणी नसतात एवढं तिलाही कळत होतं. तिनं विचारलं नाही. मणी एका डबीत टाकले आणि त्या न पाहिलेल्या माळवालीवर वर्षानुवर्षं शांतपणे राग धरला.

मग एका सकाळी तो बूट घालायला खुर्चीवर बसला आणि एक बूट घालून तसाच राहिला.

माणसं आली, गेली. लेक आली, रडली, गेली. वाढपीबाईला रडू आलं नाही. दाढ काढायच्या आधी हिरडीत सुई टोचतात ना, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं. ती कामावर गेली. भात, भाजी, पाव, पुढचा. घरी आल्यावर जे असेल ते खाल्लं, आणि त्यात मीठ नव्हतं हे तिला दुसऱ्या दिवशी पातेलं घासताना आठवलं. एकदा कढईचा कान हाताला लागला, तर भाजलं हे फोड आल्यावर समजलं. दुःख आहे असं ती म्हणू शकत नव्हती. दुःख असतं तर बरं, कुणाला सांगता तरी येतं.

लेक दुसऱ्या गावी असायची. तिचा फोन यायचा.

"आई, तू इकडं ये. ती खोली सोडून दे आता."

"आणि काम?"

"काम पुरे झालं. इथं हॉलमध्ये दिवाण आहे, तुझाच समज. काही करायचं नाही. बसून खायचं."

"बघू."

"बघू काय बघू? तिथं तुझं आहे कोण? एक माणूस सांग."

वाढपीबाईनं फोन कानाला धरून विचार केला. रोज कित्येकांना जेवायला घालत होती ती, पण सांगण्यासारखं माणूस एकही सापडेना.

"बघ," लेक म्हणाली. "उन्हाळा संपला की मी येते. सामान बांधायला खोकी घेऊनच येते."

वाढपीबाईला जायचं नव्हतं. तेव्हा तिला बाकी कशाचंच काही वाटत नव्हतं. एवढं एक मात्र वाटत होतं, की आपल्या दाराची कडी आपण आतून लावावी. लेकीच्या हॉलला दार नव्हतं, पडदा होता.

अशात एका संध्याकाळी घड्याळजी आला. डोळ्याला भिंग लावून लावून त्याचा एक डोळा कायम बारीक राहिला होता, त्यामुळे तो साधं बोलला तरी डोळा मारतोय असं वाटायचं. तो दारातच उभा राहिला.

"वहिनी, एक विचारायचं होतं. म्हणजे विचारू नये, पण तिघांत तो खेळ लंगडतो हो."

"कसला खेळ?"

घड्याळजीनं दोन्ही डोळे बारीक केले. "लिफ्टमननं घरी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं नव्हतं. भला मोठा माणूस रविवारी दुपारी झाडं लावायचा खेळ खेळतो हे सांगायची त्याला लाज वाटली असावी.

वाढपीबाई गेली ती हौस म्हणून नव्हे. कुणीतरी माणूस सांग असं लेक म्हणाली होती, आणि इथं तीन माणसं चालून आली होती.

दुकानाच्या मागं एक अरुंद खोली होती. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं टिकटिकत होती आणि प्रत्येकात वेगळे वाजले होते. मध्ये टेबल, टेबलावर जाड पुठ्ठ्याचा पट. पटावर डोंगराचा उतार, वरून खाली येणारा ओढा, आणि सगळीकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं. टेबलाभोवती एक नर्सबाई होती, पांढऱ्या कपड्यांतच आलेली, आणि एक रंगारी होता, त्याच्या कानामागं कुठल्या तरी घराचा पिस्ता रंग राहिला होता.

"या वहिनी," रंगारी म्हणाला. "खेळता येतं का काही?"

"नाही."

"मग बसा निवांत, मी आहे हरवायला."

घड्याळजीनं समजावून सांगितलं. पाळी आली की एका घरात रोप लावायचं. रोपाला पाणी घातलं की त्याचं मधलं झाड होतं, आणखी घातलं की मोठं. मोठ्या झाडाची सावली शेजारच्या घरांवर पडते आणि सावलीतलं रोप मरतं. चार ऋतू संपले की ज्याच्या झाडांवर पक्षी जास्त, तो जिंकला. चौथ्या रंगाची लाकडी झाडं कधीची हरवली होती, म्हणून घड्याळजीनं त्यांच्या जागी घड्याळातली चाकं ठेवली होती, लहान, मधली आणि मोठी. तिच्या नवऱ्याचं जंगल तेच. आता ते तिला मिळालं.

"आणि हे पाणी," घड्याळजी म्हणाला, आणि त्यानं एक वाटी पुढं सरकवली.

वाटीत निळे काचेचे मणी होते.

वाढपीबाई वाटीकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिनं एका बाईवर राग धरला होता, आणि ती बाई नव्हतीच. आता हसू यायला हवं होतं, नाहीतर रडू. दोन्ही आलं नाही. एवढंच मनात आलं, की तो राग आता ठेवायचा कुठं.

"मणी फार कमी झालेत," नर्सबाई म्हणाली. "कुठं जातात कोण जाणे."

पुढच्या रविवारी वाढपीबाईनं पदराआडून डबी काढली आणि वाटीत ओतली. तिघंही वाटीवर वाकले.

"म्हणजे खिशात घालत होता," रंगारी शेवटी म्हणाला. "आणि मी मेला दर वेळी कोरड्या उन्हाळ्यात मरायचो."

खेळ परदेशातून आलेला होता. त्याची चित्रं घड्याळजीला समजायची, पण अक्षरं समजायची नाहीत. म्हणून नर्सबाईनं जमेल तसा अर्थ सांगितला होता आणि घड्याळजीनं आपल्या मुंगीएवढ्या अक्षरात चिठ्ठ्या लिहून पत्त्यांवर चिकटवल्या होत्या. जागा थोडी, म्हणून शब्दही थोडे. एका पत्त्यावर लिहिलं होतं, 'पाणी घ्या, वाढा.'

वाढपीबाईला अक्षर लावून वाचता यायचं. तो पत्ता आला की ती वाटीतून मणी घ्यायची आणि वाढायची. एक घड्याळजीपुढं, एक नर्सबाईपुढं, एक रंगाऱ्यापुढं. डाव्या हाताकडून सुरुवात करून ओळीनं. मग रिकामा हात मांडीवर ठेवून म्हणायची, "पुढचा."

पहिल्यांदा झालं तेव्हा तिघांनी मणी घेतले. दुसऱ्यांदा झालं तेव्हा रंगाऱ्यानं मणी उजेडात धरून पाहिला. तिसऱ्यांदा त्यानं घड्याळजीच्या कानात म्हटलं, पण रंगाऱ्याचं कुजबुजणं सगळ्या गल्लीला ऐकू जायचं, "ही बाई साधी नाही. काहीतरी डाव आहे हिचा."

डाव म्हणजे वाढपीबाईच्या लेखी भाताचा. तिनं वाढणं चालूच ठेवलं.

त्यामुळे तिघं फार जपून खेळायला लागले. आयतं मिळालेलं पाणी वापरायला भ्यायचे. नर्सबाईनं तर मणी साठवून ठेवले, ही पुढं काय मागेल कोण जाणे म्हणून. आणि वाढपीबाईची चाकं लहानच्या लहान राहायची, दुसऱ्यांच्या सावलीत एकेक करून जायची, आणि ती दर रविवारी सगळ्यांच्या खाली यायची.

शेवटी नर्सबाईलाच राहवलं नाही. "काकू, खरं सांगा. तुम्ही आम्हाला पाणी का देता?"

"म्हणजे? लिहिलंय ना."

"कुठं?"

वाढपीबाईनं बोट ठेवलं. "वाढा."

घड्याळजीनं भिंग लावून स्वतःचंच अक्षर वाचलं. मग भिंग काढलं. "अहो वहिनी, तुम्ही वाढा म्हणजे तुम्ही मोठ्या व्हा. तुमचं झाड वाढू दे."

"असं होय," वाढपीबाई म्हणाली.

रंगारी हसून हसून टेबलावर पडला आणि दोन ऋतूंचं जंगल आडवं झालं. नर्सबाईनं डोळे पुसले. वाढपीबाई आडवी झालेली झाडं उभी करत बसली. चूक कळली, पण हात काही सुधारला नाही. पुढच्या रविवारी तो पत्ता आला, आणि ती मणी स्वतःच्या चाकाखाली ठेवणार तोवर तिघांचे तळवे पुढं आलेले. तळहात दिसला की तिचा हात आपोआप चालायचा. तिनं वाढलं. तेही सवयीनं घ्यायला लागले होते. फुकटचं कुणाला नको असतं?

उन्हाळा संपला आणि लेक आली. घडी घातलेली खोकी, सुतळी आणि चिकटपट्टी घेऊन आली. शनिवारी तिनं वरच्या फळीवरची भांडी उतरवली. रविवारी दुपारी आई चप्पल घालायला लागली तशी ती म्हणाली, "कुठं?"

"खेळायला."

"काय खेळायला?"

"चल. बघ."

लेकीला भिंतीकडेला स्टूल दिलं. घड्याळजीनं चहा मागवला. लेक हळू आवाजात त्याला म्हणाली, पण खोली केवढीशी, सगळ्यांनी ऐकलं, "काका, आईला मी पुढच्या आठवड्यात घेऊन जातेय. तुम्ही चौथं माणूस बघून ठेवा."

घड्याळजीनं मान हलवली. रंगारी पटाकडे बघत बसला. नर्सबाईनं वाढपीबाईकडे पाहिलं, पण तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. चेहरा रोजच्यासारखा होता.

खेळ सुरू झाला. पटावर एक घर होतं, ओढ्याच्या वळणावरचं. तिथल्या झाडाला दर ऋतूला पाणी न मागता मिळायचं. ते घर नेहमी रंगाऱ्याचं असायचं, ठरल्यासारखं. त्या दिवशी तो बिस्किट चहात बुडवत होता, ते तुटून आत पडलं आणि तो बोटानं काढत बसला. तेवढ्यात वाढपीबाईची पाळी आली आणि तिनं आपलं लहान चाक वळणावर ठेवलं.

"अरेच्चा," रंगारी म्हणाला. आणि शेजारच्या घरात त्यानं आपलं रोप लावलं.

फेरी फिरून परत तिच्याकडे आली. तिनं पत्ता उचलला. 'पाणी घ्या, वाढा.' तिनं वाटीतून मणी घेतले. समोर तीन तळवे आले. रंगाऱ्याचा सगळ्यांत पुढं.

वाढपीबाईनं तळव्यांकडे पाहिलं. मग वळणावरच्या घराकडे पाहिलं. ते घर आपलं असावं असं तिला वाटलं. काही वाटलं, हेच नवल होतं. इतक्या महिन्यांत कशाबद्दल काही वाटलेलं नव्हतं. तिनं सगळे मणी आपल्या चाकाखाली ठेवले, लहान चाक उचललं आणि त्या जागी मोठं ठेवलं. सावली थेट रंगाऱ्याच्या रोपावर पडली.

"वहिनी, माझा मणी?"

"या खेपेला नाही."

"अहो, माझं रोप मरतंय."

"हो."

"हो काय? परत घ्या ते चाक. चुकून ठेवलं असं समजतो मी."

"वाढलेलं परत घेत नाहीत."

"ते भाताचं हो. हे झाड आहे."

"ताटात पडलं ते पडलं. कारखान्याचे साहेब आले तरी मी ताटातलं भांड्यात घेतलेलं नाही, आणि तुम्ही कोण लागून गेलात?"

"घड्याळजी, नियम काढा."

"नियमात भाताचं काही नाही," घड्याळजी म्हणाला.

"ते घर नेहमी माझं असतं."

"नेहमी असतं म्हणजे काय, नाव लिहिलंय? मी आधी बसले. मी उठणार नाही."

शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं आलं. रंगारी तोंड पाडून म्हणाला, "लिफ्टमन असा नव्हता."

"लिफ्टमन चोर होता," वाढपीबाई म्हणाली.

नर्सबाईच्या नाकातून चहा आला. रंगाऱ्यानं आपलं मेलेलं रोप उचललं आणि ते शर्टाच्या खिशात टाकलं. घड्याळजीनं मुकाट्यानं हात पुढं केला, तेव्हा काढून दिलं. तो आणि वाढपीबाई शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. जिंकला घड्याळजी. भांडणात कुणाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

निघताना रंगारी दारात उभा होता. "पुढच्या रविवारी ते वळण माझं आहे, सांगून ठेवतो," तो म्हणाला.

"आधी बिस्किट नीट खायला शिका," वाढपीबाई म्हणाली.

लेक रस्ताभर आईकडे वळून वळून बघत होती. लाँड्रीपाशी आल्यावर म्हणाली, "तू बाबांना चोर म्हणालीस."

"होताच."

"आणि त्या माणसावर ओरडलीस."

"ओरडले नाही. सांगितलं."

"आई, मी तुला कधी कुणाशी भांडताना पाहिलेलं नाही. मावशीआजी एवढं बोलायची तुला, तेव्हा पण नाही."

वाढपीबाई चालत राहिली. तिचे हात गरम झाले होते. ताप आहे का म्हणून तिनं एक हात गालाला लावून पाहिला. गाल आपला वाटला.

खोलीत आल्यावर लेक खोक्यांजवळ उभी राहिली. एक उघडलं, परत मिटलं.

"माझ्याकडे आलीस तर तू भांडशील कुणाशी?"

"तुझ्याकडे सगळे चांगले आहेत," वाढपीबाई म्हणाली. "तीच अडचण."

लेक हसली, मग जरा रडली, मग तिनं फळीवरची भांडी होती तशी वर ठेवली. खोकी कपाटामागं सरकवली. "ह्यांना काय सांगू? त्यांनी दिवाणाला नवीन गादी केलीय."

"सांग, रविवारी खेळ असतो."

एका झाडानं काही सगळा बधिरपणा गेला नाही. तो येत जात राहिला. काही दिवस मीठ कळायचं, काही दिवस नाही. काही रविवारी ती पटावर बसून नुसती पाळी पुढं ढकलायची, आणि कुणी काही विचारायचं नाही, तेही बरं होतं. पत्त्यावरची चिठ्ठी घड्याळजीनं बदलतो म्हटलं, तर रंगाऱ्यानं बदलू दिली नाही. त्याला अजून आशा होती. कधी ती स्वतःच्या चाकाला पाणी द्यायची, कधी सगळ्यांना वाढायची, आणि काय करणार हे तिलाही आधी माहीत नसायचं. त्यामुळे तिच्याशी खेळणं फार अवघड झालं, असं नर्सबाई म्हणायची. ती जिंकली मात्र क्वचित. वर्षं गेली. दाराची कडी ती आतून लावत राहिली.

कँटीनच्या सुऱ्यांना धार लावून आणायचं काम तिच्याकडे असायचं. ती गेली त्या दिवशी तिनं केलेलं शेवटचं काम तेच. त्या दुपारी तिनं सुऱ्या जुन्या ॲप्रनमध्ये गुंडाळल्या, पाती सगळी एका बाजूला, आणि पिशवीत घालून मागच्या गल्लीतून धारवाल्याकडे गेली.

"आज एकच मोठी आहे?" धारवाल्यानं विचारलं.

"दुसरी मोडली. नवा आचारी हाडं तोडतो तिनं."

"सांगा त्याला."

"सांगितलं. ऐकतो कुठं."

ती बाकावर बसली. चाक फिरत होतं, ठिणग्या उडत होत्या, धारवाला पाण्याचा थेंब टाकत होता. एकेक सुरी झाली की ती कागदाचा तुकडा धरून कापून बघायची. एका सुरीनं कागद ओढला, तशी तिनं ती परत पुढं केली. त्यानं कुरकुरत परत लावली. मग तिनं सगळ्या पुन्हा गुंडाळल्या आणि आल्या वाटेनं परत आली.

कँटीनमध्ये दुपारची टेबलं पुसून झाली होती. तिनं सुऱ्या धुतल्या, पुसल्या आणि भिंतीवरच्या खिळ्यांना लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगल्या. मोडलेल्या सुरीचा खिळा रिकामा ठेवला. आचारी कांद्यांची टोपली घेऊन आला आणि त्यानं न बघताच मोठीला हात घातला.

"जपून," वाढपीबाई म्हणाली. "आत्ताच धार लावलीय."